टीव्हीला वायफायचा पासवर्ड देण्याआधी

मागच्या रमजानमधली गोष्ट. सहरीनंतर अम्मीजाननी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिलावत ऐकायला टीव्ही लावला. पडद्यावर आधी आली ती एका सिनेमाची भलीमोठी जाहिरात. त्यांनी घाईने बटण बंद केलं आणि मला हाक मारली, "बेटा, हे काय लावून ठेवलंय?" मी काहीच लावलं नव्हतं. टीव्ही कंपनीकडूनच तसा आला होता.

तीन वर्षांत तो सुस्तही झालाय. चित्र अजून झकास आहे, पण सुरू व्हायला मिनीट लागतं. स्वस्त स्मार्ट टीव्हीत बऱ्याचदा एकच जीबी रॅम असते. अॅप जड होत जातात, रॅम तेवढीच राहते. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्स काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालायचंच बंद झालं. टीव्ही धडधाकट, पण अॅप गेलं.

याहून मोठी बाब म्हणजे टीव्हीही आपल्याला बघतो. पडद्यावर काय चाललंय याचे नमुने घेऊन तो इंटरनेटवरून कंपनीला कळवू शकतो, मग चित्र डिशच्या डब्यातून आलेलं का असेना. अमेरिकेत विझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून अशी माहिती लोकांना न विचारता गोळा केली. २०१७ मध्ये तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. आपण मुलांना सांगतो, इजाजतीशिवाय कुणाच्या घरात डोकावू नये.

परवा धाकटी बहीण म्हणाली, "आपा, आम्हाला टीव्ही घ्यायचाय, काय बघू?" मी म्हटलं, आधी दुकानदाराला साधा एलईडी माग. २४ आणि ३२ इंचांत अजून मिळतो. तो आधी स्मार्टच दाखवील, तू हटू नकोस. मागची बाजू बघ: एचडीएमआयच्या किमान दोन जागा, डिशचा जुना डबा असेल तर एव्हीची जागा, पेनड्राइव्हला यूएसबी. बंद करून पुन्हा चालू करायला सांग आणि आधी काय दिसतं ते बघ. पक्कं बिल घे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावाजवळ आहे का, तेही विचार. टीव्ही बिघडल्यावर ब्रँडपेक्षा तेच कामी येतं.

मोठा हवा असेल तर बहुतेक स्मार्टच मिळेल. चालेल, फक्त त्याला वायफाय देऊ नये. गूगल टीव्ही असलेल्या संचात पहिल्यांदा सुरू करताना 'बेसिक टीव्ही' असा पर्याय येतो, तोच निवडावा. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन' आणि एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. अटी वाचल्याशिवाय सगळीकडे 'मान्य' दाबत जाऊ नये. (हे मी स्वतः केलं होतं, बीएड होऊनही!)

मुलांना यूट्यूबवरचे धडे हवेत, तर वेगळी स्टिक लावावी. जाहिराती तिच्यातही येतात, माहितीही जाते. पण अभ्यास झाला की ती काढून कपाटात ठेवता येते, आणि जुनी झाली तर तेवढीच बदलावी लागते.

आमचा जुना टीव्ही मी फॅक्टरी रिसेट केला, नेट दिलं नाही, सुरू होताच डिशचं चित्र यावं असं सेटिंग केलं. थोरल्याने दोन दिवस तोंड फुगवलं. अम्मीजान आता स्वतः रिमोट घेतात.