इंजिन काढलेले गलबत आणि आमचा हिशेब

दाभोळच्या खाडीत माझ्या मेहुण्यांचे जुने सागवानी गलबत चार वर्षे चिखलात पडून आहे. इंजिन गेले, नव्याची किंमत ऐकून मुलांनी हात झटकले. आता मेहुणे म्हणतात, "भाईजान, इंजिन काढून टाकू, पुन्हा शीड लावू. थोडी रक्कम तुम्ही घाला." मी कापडवाला माणूस, समुद्र मला किनाऱ्यावरूनच बरा दिसतो. पण रक्कम घालायची म्हणजे चौकशी आलीच.

त्यांच्या बोलण्याला आधार आहे. हॉलंडच्या डेन हेल्डर बंदरात तीन दोस्तांनी 1943 साली बांधलेले एक जुने लाकडी जहाज 2007 ते 2009 या काळात नव्याने उभे केले. इंजिन ठेवलेच नाही. नाव 'त्रेस ओम्ब्रेस', म्हणजे तीन माणसे. लांबी 32 मीटर, माल सुमारे 35 टन. कॅरिबियन बेटांतून कोको, कॉफी आणि रम भरून ते युरोपात आले. रमशी आपल्याला कर्तव्य नाही, कोकोचे बघू.

35 टन म्हणजे दोन-तीन ट्रकांचा माल. तेवढ्यावर समुद्र ओलांडणे परवडले कसे? एक तर माल टिकाऊ आणि महाग. दुसरे, वाऱ्यावर आलेला माल म्हणून गिऱ्हाईक जास्त दाम मोजते. आणि शिकाऊ खलाशी पगार घेत नाहीत, उलट पैसे भरून येतात! आमच्याकडे नोकर पहिल्याच दिवशी उचल मागतो.

आमच्या कापडाला हे बसत नाही. ईदचा माल महिनाभर आधी दुकानात लागतो, वाऱ्याला हुंडीची तारीख कळत नाही. पावसाळ्यात शिडाची वाहतूक बंद. शिवाय गाठीला खारे पाणी लागले की सारा ताका डागाळतो.

इंजिन काढणे म्हणजे चार बोल्ट सोडणेही नव्हे. पंख्याच्या दांड्याचे भोक लाकडाने पक्के बुजवावे लागते. इंजिनाचे वजन गेले की गलबत हलके होऊन डुलते, म्हणून तळाशी दगड-लोखंडाचा भार घालावा लागतो. शीड असेल तर तो जास्तच लागतो. इंजिनाखालच्या फळ्या वर्षानुवर्षे डिझेल पितात. सांध्यांत ठोकलेला कापूस अशा लाकडाला नीट धरत नाही, त्या फळ्या बदलाव्याच लागतात. बंदरात वारा पडला तर दुसऱ्या बोटीने ओढून घ्यावे लागते, ते भाडे वेगळे. फायदा एवढाच की इंजिनाची जागा मालाला मिळते आणि डिझेल वाचते.

तरी गलबत फोडून सरपण करा, असे मी म्हणणार नाही. ते दुरुस्त करू शकणारे सुतारचाचा सत्तरीचे आहेत. त्यांचा मुलगा मुंबईत प्लायवूडची कपाटे बनवतो. चाचा नुसत्या हातोडीच्या आवाजावरून फळी कुठे कुजली ते सांगतात. आमच्या मोहल्ल्यातले जुने विणकर ताणा हाताने चाचपून सूत ओळखत. त्यांचे माग भंगारात गेले, तेव्हा आम्ही व्यापारी मालाचा भाव पाडण्यात गुंतलो होतो.

म्हणून मेहुण्यांना कळवले आहे: इंजिन काढा, भंगाराचे पैसे फळ्यांना लावा. सागवान, कापूस आणि चाचांची मजुरी माझ्याकडे. मात्र चाचांच्या हाताखाली गावातली दोन मुले रोजंदारीवर असली पाहिजेत, त्यांचा रोजही मी देईन. शिडाचा खर्च आणि मालवाहतुकीची भागीदारी यांत मी नाही. मेहुणे जरा नाराज आहेत. चाचांनी मात्र सागवानाची यादी पाठवली आहे.