पिंजऱ्याला आवाजाचं यंत्र लावण्याआधी एवढं विचारा

मंडळी, खाडीत जिताड्याचे पिंजरे टाकलेल्या आपल्या बचत गटांना सध्या एक नवीन यंत्र दाखवत फिरतायत. पिंजऱ्याला बसवायचं, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडायचा, की जाळ्यावर शेवाळ नाही, बार्नेकल नाही, शिणाणे नाहीत. जाळं धुवायची कटकट कायमची गेली म्हणे. व्हिडिओ झकास आहे. फक्त त्यात जाळं कुठेच नाही, आहे तो बोटीचा तळ!

गोम तिथेच आहे. अल्ट्रासाउंड, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज, ही थाप नाही. बोटीच्या तळाला आतून यंत्र घट्ट चिकटवलं की अख्खा पत्रा किंवा फायबर बारीक थरथरतो आणि त्यावर जीव बसायला कचरतात. प्रयोगशाळेत २३ किलोहर्ट्झच्या आसपास बार्नेकलच्या पिल्लांचं चिकटणं कमी झालेलंही दिसलंय. पण जाळं म्हणजे पत्रा नव्हे. ते मऊ, ढिलं, लाटेबरोबर हलणारं. एका टोकाला दिलेली थरथर गाठीगाठीत जिरते. मग आवाज पाण्यातून सोडायचा, तर तो अंतराबरोबर कमी होत जातो. जाळ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला पुरेल एवढा जोर लावला तर आतल्या माशाचं काय? आणि एकदा बसून कवच धरलेल्या शिणाण्यांना यातलं काहीच हलवत नाही. ते सुरीनेच काढावे लागतात.

घाण बसणं किरकोळ नाही, हे मला कुणी सांगायला नको. जाळ्याचे डोळे बुजले की पाणी खेळत नाही, प्राणवायू उतरतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात. जाळं इतकं जड होतं की चार माणसांना उचलत नाही. बायका तासन् तास कालवं खरवडतात, हातांना चिरा पडतात. म्हणूनच अशा माणसाला ‘धुवायला नको’ म्हटलं की तो लगेच सही करतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे.

पैसा कुणाचा? मत्स्यसंपदा योजनेत पिंजऱ्याला सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. उरलेला भाग गटाचा किंवा बँकेचा. यंत्राचे पैसे वर वेगळे, पूर्ण गटाच्या खिशातून. त्याला वीज लागते, म्हणजे खाडीच्या मध्यावर सोलर पॅनल आणि बॅटरी आली. पावसाळ्यात ती कोण राखणार?

‘विष नाही’ हा त्यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. टीबीटी नावाचा बोटीचा रंगही एकेकाळी रामबाणच होता. फ्रान्सच्या आर्काशोंमध्ये त्याने कालवांची कवचं वेडीवाकडी केली, तिथे १९८२ मध्ये लहान बोटींना त्याची बंदी आली, आणि जगभर बंदी यायला २००८ उजाडलं. त्यापेक्षा आवाज बरा. पण आपल्या किनाऱ्याला डॉल्फिन आहेत, आणि त्यांना १०० किलोहर्ट्झच्याही वरचं ऐकू येतं. त्यांच्यावर काय परिणाम, याचं उत्तर ‘काही होत नाही सर’ एवढंच मिळालं. शिवाय याच खाडीत दुसरे गट दोरीवर शिणाणे मुद्दाम वाढवतात. यंत्र सांगतात तितकं लांब पोचत असेल तर त्यांच्या दोऱ्यांचं काय? आणि पोचत नसेल तर आपण पैसे कशाचे देतोय?

तेव्हा गटांनो, सही करू नका. विकणाऱ्याला सांगा, दोन सारखे पिंजरे, एकाला यंत्र, एकाला नाही, तुमच्या खर्चाने एक अख्खा हंगाम. शेवटी दोन्ही जाळी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर. मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसालाही बोलवा, आकडा त्याच्या वहीत जाऊ दे. तोवर जाळं बदला, उन्हात वाळवा, झोडपा. ज्या गटाला कोटेशन आलंय त्यांनी त्याचा फोटो कमेंटमध्ये टाका, कोणत्या गावाला काय दर सांगितलाय ते तरी कळू दे.