चिनारावरील खारी

प्राण्यांचे चित्र पाहिले की आपण चटकन म्हणतो, "वा! अगदी हुबेहूब!" आणि पान उलटतो. मला ही घाई योग्य वाटत नाही. चित्रात काय आहे, एवढेच पाहून भागत नाही. ते कोठे आहे आणि तेथेच का आहे, हेही पाहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. मोगल बादशहा जहांगीर याला पशुपक्ष्यांची फार आवड होती. सुमारे १६०५ ते १६०८ या काळात त्याच्या एका चित्रकाराने चिनाराच्या झाडावरील खारी रंगवल्या. हा चित्रकार अबुल हसन असावा, असे मानतात. काही अभ्यासकांना त्यात उस्ताद मन्सूरचाही हात दिसतो. आज हे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

चित्रातील चिनार खालपासून वरपर्यंत पसरला आहे. पाने हिरवी, पिवळी, तांबूस. म्हणजे पानगळीचे दिवस आहेत. मागे सोनेरी रंग आहे. फांद्यांवर तांबूस खारी धावत आहेत, बागडत आहेत. पाहणाऱ्याला वाटते, किती आनंदी चित्र आहे हे!

आता नजर खाली आणा. बुंध्याशी एक माणूस आहे. त्याने झाडाला हात लावला आहे आणि तो वर चढू पाहत आहे. तो दिसताच चित्राचा भाव बदलतो. मघाशी जो खेळ वाटला, तीच आता पळापळ वाटू लागते. एकही खार जागची हलली नाही. बदलली ती आपली नजर.

कोणी म्हणेल, "बादशहा स्वतः शिकारी होता. हे चित्र केवळ दरबाराची शोभा आहे." मला तसे वाटत नाही. शिकारीचेच कौतुक करायचे असते, तर चित्रकाराने पकडलेली खार दाखवली असती. त्याने माणसाला तळाशी ठेवले आणि सारे झाड खारींना दिले. माझ्या मते, त्याचे मन खारींच्या बाजूचे आहे.

तुमचे मत वेगळे असू शकेल. मात्र ते चित्राकडे बोट दाखवून सांगता आले पाहिजे. "छान आहे" म्हणणे सोपे असते. "का छान आहे" हे सांगण्यासाठी थांबून पाहावे लागते. असे पाहण्याची सवय लागली, तर चित्रातलीच नव्हे, अंगणातली खारही तुम्हांला नव्याने दिसेल.