मनीचं बिल

दोन आठवड्यांपूर्वी याच जागी बोलता बोलता आमच्या मांजराच्या मोडलेल्या पायाचा उल्लेख झाला, आणि तेव्हापासून गणपत गल्लीत भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, अगदी एका बारशातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातोय : "मांजराला किती खर्च आला हो?" मराठीतून विचारणारे जरा आडून विचारतात. कानडीतून विचारणारे सरळ. शेजारच्या अज्जींनी तर कुंपणावरूनच हाक दिली, "अय्य, बेक्किगे इष्ट रोक्का?"

तेव्हा आज सगळा हिशेबच मांडते. कुणाकडे मांजर असेल त्याच्या उपयोगी पडेल, नसेल त्याची करमणूक होईल.

मनी चार वर्षांची. नाव मी ठेवलं, म्हणजे मराठी घरात मांजराला जे नाव आपोआप पडतं तेच पडलं. आमची सूनबाई धारवाडकडची. तिच्या बोलीत 'मनी' म्हणजे घर, त्यामुळे "मनी मनीगे बंतु" म्हणत ती पहिल्या दिवसापासून हसते आहे. नातू आईच्या भाषेत तिला 'बेक्कू' म्हणतो. दवाखान्यात कार्ड लिहिणाऱ्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं, तर मी एक सांगितलं, नातवानं दुसरं. तिनं शांतपणे 'मनी बेक्कू' असं लिहून घेतलं, जणू नाव आणि आडनाव. बिल हातात आल्यावर आमचे हे म्हणाले, "इंग्रजीतला मनी राहिला होता, तोही आला."

झालं होतं असं, की पहाटे ती मागचा उजवा पाय फरफटत परसात आली. रस्त्यावर एखाद्या गाडीचा धक्का बसला असावा, पाहिलं कुणीच नाही. रक्त फारसं नव्हतं. अशा वेळी घरात जो तो डॉक्टर होतो. एकानं हळद-तेल सुचवलं, एकानं बांबूची काडी बांधायला सांगितली, आणि एका पाहुण्यांनी, बिचाऱ्यांनी अगदी मायेनं, अंगदुखीची अर्धी गोळी द्या म्हणून सांगितलं. ही गोळी मात्र, वाचकहो, कधीही देऊ नका. आपण ताप-अंगदुखीला घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ती पचवून बाहेर टाकायला लिव्हरमध्ये जी व्यवस्था लागते, ती मांजराकडे जवळजवळ नसतेच. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या काळपट-तपकिरी दिसू लागतात, आणि एका गोळीनंही मांजर जाऊ शकतं. आयब्युप्रोफेनचीही तीच गत. जखमेवर फिनेल किंवा तसलं काही लावू नका, कारण मांजर ते चाटणारच.

करायचं ते एवढंच : मांजराला जाड टॉवेलसकट उचलायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, वरून झाकायचं आणि दवाखाना गाठायचा. काडी बांधू नये, बळंच दूध-पाणी पाजू नये. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या असतील, तर एक मिनिटही दवडायचं नाही. अपघातानंतर लघवी होते की नाही यावर लक्ष ठेवायचं, कारण मूत्राशय फुटलेलं बाहेरून दिसत नाही.

आमच्या डॉक्टरांनी पाय बघायच्या आधी छाती तपासली, तेव्हा मला नवल वाटलं. ते म्हणाले, हाडाला घाई नसते, श्वासाला असते. गाडीखालून वाचलेल्या मांजराच्या छातीला मार असतो, तो कळल्याशिवाय भूल देणं धोक्याचं. म्हणून पहिले दोन दिवस सलाईन, वेदना कमी करणारं इंजेक्शन आणि निरीक्षण. ऑपरेशन तिसऱ्या दिवशी. हे मुद्दाम लिहिते, कारण बहुतेकांना वाटतं की आत्ताच्या आत्ता पंधरा-वीस हजार टेबलावर ठेवले नाहीत तर मांजर गेलं. तसं नसतं. हे दोन-तीन दिवस मांजराला सावरायला मिळतात तसे माणसांनाही मिळतात, पैशाची जुळवाजुळव करायला आणि मुख्य म्हणजे घरात एकमत करायला.

आता आकडे. तपासणी ३०० रुपये, दोन बाजूंनी एक्स-रे ११००, रक्ततपासणी ९००, दोन दिवसांचं सलाईन नि इंजेक्शनं १६००. मांडीचं हाड मधोमध मोडलेलं, त्यात पिन घालण्याचं ऑपरेशन भुलीसकट १४,०००. नंतरची औषधं ८५०. ड्रेसिंगच्या चार खेपा, प्रत्येकी २५०. बेरीज १९,७५०. मोठ्या शहरात हेच याहून बरंच जास्त होतं असं पुण्याच्या भाचीनं सांगितलं. ते ऐकून आम्हाला बरं वाटलं, पण बिल काही कमी झालं नाही.

एवढं का लागतं, हे मी विचारून घेतलं. विचारायला लाजायचं नाही. पिना, तारा, भुलीचं औषध, टाके घालायचा धागा हे सगळं आपल्या हाडांच्या दवाखान्यात वापरतात त्याच जातीचं आणि त्याच बाजारातलं. मांजराचं हाड तर पेन्सिलीएवढं, तेव्हा काम आणखी नाजूक. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. माणसाच्या बिलात विमा असतो, सरकारी योजना असते, नोकरीच्या ठिकाणची सवलत असते, म्हणून खरी किंमत आपल्याला दिसतच नाही. मांजराच्या बिलात ती उघडीनागडी समोर येते.

डॉक्टरांनी आणखी रस्तेही सांगितले, आणि न विचारता सांगितले, म्हणून त्यांचं कौतुक. पाय काढून टाकणं ८,००० मध्ये होतं. ऐकायला क्रूर, पण मांजर तीन पायांवर छान जगतं, उड्यासुद्धा मारतं. 'लंगडी' म्हणून कीव करायची तेवढी आपणच करतो. कमरेच्या हाडाला तडा असेल तर पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही, चार-सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती पुरते. मनीच्या मांडीचे मात्र दोन तुकडे एकमेकांवर चढले होते, ते विश्रांतीनं भागणारं नव्हतं. आणि शेवटचा रस्ता म्हणजे झोपेची सुई. पाठीचा कणा तुटला असेल, वेदना थांबणार नसतील, तर तो रस्ता निवडणाऱ्याला मी तरी निर्दय म्हणणार नाही. नुसतं दाराबाहेर सोडून 'बघू काय होतं ते' म्हणणं याला मात्र माझ्याकडे दुसरा शब्द नाही. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा स्थितीत सोडून देणं गुन्ह्यात मोडतं.

घरात एकमत व्हायला दीड दिवस लागला. ह्यांचं मत पाय काढावा. पेन्शनीत राहणाऱ्या माणसाचं ते मत चूक होतं असं मला आजही वाटत नाही. मुलगा गप्प. सूनबाईनं आपल्या पगारातले ५,००० काढून ठेवले आणि बोलली काहीच नाही. आमच्याकडे ती न बोलते तेव्हा निर्णय झालेला असतो.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती कुंपणावरून विचारणाऱ्या कुणालाच ठाऊक नाही. त्याच आठवड्यात आमच्याकडे धुण्या-भांड्याला येणाऱ्या बाईंनी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी सहा हजार आगाऊ मागितले होते. आता एकीकडे माणसाच्या पोराची फी आणि एकीकडे मांजराचा पाय. मनाला कितीही समजावलं तरी दोन्ही एका पारड्यात बसतच नाहीत. मी माझ्या भिशीतून आधी फीचे सहा हजार दिले, आणि मग उरलेल्यात मांजर बसतं का ते पाहिलं. लगेच बसलं नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी ऑपरेशनचे आठ हजार त्या वेळी घेतले आणि सहा हजारांचे दोन-दोन हजारांचे तीन हप्ते करून दिले. सगळेच डॉक्टर देतील असं नाही. पण विचारल्याशिवाय कुणीच देत नाही.

बाईंनी आकडा विचारला तेव्हा मी खरा सांगितला. लपवून काय करणार, खोका तिच्याच पायाशी होता. ती भांडी विसळता विसळता थांबली, मग म्हणाली, "अष्ट रोक्कदाग एरड आडु बरताव, अक्कार." एवढ्या पैशात दोन शेळ्या येतात. बरोबरच होतं तिचं, मी काही बोलले नाही. पण पुढचे दहा दिवस मनीला गोळी कशी द्यायची हे आम्हा चौघांपैकी एकालाही जमलं नाही, ते तिनंच केलं. टॉवेलात घट्ट गुंडाळायचं, डोकं वर धरायचं, गोळी जिभेच्या मुळाशी आणि लगेच चमचाभर पाणी. शेळ्या राखलेल्या हाताला ते अवघड नसतं म्हणे. आमच्या हातांवर अजून ओरखडे आहेत. बेक्किगे चेल्लाट, इलिगे प्राणसंकट म्हणतात ना, तशी त्या दहा दिवसांत आम्ही चौघं उंदीर होतो.

खर्च वाचवायच्या काही गोष्टी आम्हाला वाटेत कळल्या. पहिल्याच दिवशी अंदाजपत्रक कागदावर मागायचं, आणि 'यातलं आज काय लागेल, काय थांबू शकेल' हेही विचारायचं. प्रतिजैविकाच्या काही गोळ्या माणसांच्याच असतात. डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन बाहेरच्या औषधाच्या दुकानातून घेतल्या तर फरक पडतो. पिंजरा आम्ही विकत घेतला नाही. खानापूरकडच्या नात्यातलं कोंबड्यांचं तारेचं खुराडं धुऊन-वाळवून आणलं, त्यात जुनी गोधडी घातली. सरकारी पशुआस्पत्रेत फी नाममात्र असते. लस, साधी जखम, जंताचं औषध यांसाठी तिथं जरूर जावं. तिथला मुख्य भर गाई-म्हशींवर असतो, हे मात्र धरून चालायचं. १९६२ या क्रमांकावर येणारी पशुवैद्यकीय गाडीही मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे. मोठं, गुंतागुंतीचं ऑपरेशन असेल आणि प्रवास झेपत असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं असतात. आपल्या महामार्गावर पुण्याच्या अलीकडे शिरवळला आहे, बीदरला आहे, बंगळूरला हेब्बाळला आहे. जायच्या आधी फोन करून सोय विचारून घ्यावी. मोडक्या पायाचं मांजर घेऊन उगीच तीनशे किलोमीटर कोण जाणार?

विम्याचंही विचारून झालं. कुत्र्यांसाठी होताच, आता मांजरांसाठीही काही कंपन्या देतात. पण त्याला वयाची अट असते, लसीकरणाची कागदपत्रं लागतात, आणि पाय मोडल्यावर काढलेला विमा त्या पायाला चालत नाही. सूनबाईनं त्यापेक्षा सोपा उपाय काढलाय. फ्रिजवरच्या डब्यात महिन्याला २०० रुपये. डब्यावर नातवानं तीन भाषांत 'मनी' लिहिलंय, तिन्ही ठिकाणी अर्थ निराळा.

एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची, ती म्हणजे खाणं. दुखणाईत मांजर रुसून बसतं तसं दिसतं, पण दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठू लागते, आणि पायापेक्षा ते महाग पडतं. मनीनं ऑपरेशननंतर दीड दिवस दूधभाताकडे पाहिलंही नाही. शेवटी उकडलेला बांगडा कोमट करून, काटे काढून बोटावर दिला तेव्हा जीभ लावली. ह्यांनी दिला. पाय काढावा म्हणणाऱ्यांनी.

'मांजर काय, कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं' असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पडतं खरं. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात उपचार केलेल्यांतली नव्वद टक्के वाचली. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं, जागीच गेलेली कोण मोजणार? आणि वाचलेल्यांच्याही छातीला, जबड्याला, पायांना मार होताच. टिळकवाडीत आता फ्लॅटच फ्लॅट झालेत. तिथल्यांनी खिडक्यांना जाळी लावावी, ती पिनेपेक्षा स्वस्त पडते. रात्री मांजराला घरात घ्यावं, आणि बोका असेल तर त्याची नसबंदी वेळेत करावी, म्हणजे गल्लोगल्ली भटकणं बरंच कमी होतं.

दोन हप्ते फिटलेत. परवाच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. मनी पाय टेकते, थोडी तिरकी चालते, कुंपणावर अजून चढत नाही, अज्जी तिथून तिची चौकशी करतात. पुढच्या गुरुवारी पिन काढायची आहे. तिचे दोन हजार वेगळे, शिवाय तिसरा हप्ता. भिशी माझ्या नावानं लागायला अजून दोन महिने आहेत, तेव्हा यंदा कुंदा पाहुण्यांपुरताच.