एकच समुद्र, बंदीच्या तारखा दोन! बंगालच्या उपसागरातला घोळ मिटला, पण पुढे काय?

शेजारी शेजारी दोन गावं. एकाने चराईबंदी पाळली आणि दुसऱ्याने त्याच रानात गुरं सोडली, तर गवत वाढेल का? बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यात कित्येक वर्षं हेच चाललं होतं.

माशांच्या विणीच्या काळात समुद्राला विश्रांती द्यायची म्हणून मासेमारी बंद ठेवतात. आपल्या कोकणात ही बंदी १ जून ते ३१ जुलै असते. देशाच्या पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे ६१ दिवस. बांगलादेशात मात्र २० मे ते २३ जुलै असे ६५ दिवस बंदी होती.

झालं काय, तर १५ जूनला भारतीय बोटी समुद्रात उतरायच्या आणि बांगलादेशी मच्छीमार पुढचा सव्वा महिना किनाऱ्यावर बसून राहायचा. २०१९ पासून तिकडे लहान होड्यांनाही बंदी लागू झाली. सरकार तांदूळ देतं, पण नुसत्या तांदळावर घर चालतं का? आम्ही उपाशी बसायचं आणि मासे शेजाऱ्याने न्यायचे, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार होती. मासा काही सीमा ओळखत नाही.

अखेर २०२५ मध्ये बांगलादेशाने तारखा बदलल्या. आता १५ एप्रिल ते ११ जून, ५८ दिवस. दोन्हीकडची बंदी एकाच दिवशी सुरू होते. फरक उरला तो शेवटच्या तीन दिवसांचा.

विशेष म्हणजे त्या वर्षी दोन्ही देशांचे संबंध चांगलेच ताणलेले होते. तरीही जानेवारीत ९५ भारतीय आणि ९० बांगलादेशी मच्छीमारांची अदलाबदल झाली. समुद्रातली सीमा २०१४ मध्ये लवादाने ठरवून दिली आहे, पण पाण्यावर रेघ दिसत नाही. बोट भरकटली की थेट तुरुंग!

या उपसागराभोवतीच्या देशांची 'बिम्सटेक' ही संघटना १९९७ पासून आहे. भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, नेपाळ, भूतान असे सात सदस्य. मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्ये ठरला, करार अजून अडकलेलाच. संघटनेची सनद लागू व्हायलाच २०२४ उजाडलं. एप्रिल २०२५ च्या बँकॉक परिषदेच्या वेळी सागरी वाहतुकीचा करार झाला, हे खरं. पण लहान होडीवाल्याला त्यातून लगेच काय मिळणार?

त्याच्या पोटाचा प्रश्न तारखांचा आहे. तो सोडवायला मोठा निधी लागत नाही, एकमेकांचं कॅलेंडर बघावं लागतं. आता तारखा जुळल्यात, तर दोन्हीकडच्या गस्ती बोटींनी बंदी सारखीच कडक पाळून घ्यावी. भरकटलेल्या मच्छीमाराला महिनोन्‌महिने कोठडीत न ठेवता परत पाठवण्याची पक्की पद्धतही ठरवावी. नाहीतर चराईबंदी कागदावर आणि गुरं रानात, अशीच गत व्हायची.