हरणासाठी किती बोअर?



गेल्या नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब खानदेशात जाणे झाले. मेव्हणी मुक्ताईनगरला असते. गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, तिथून गाडीने मुक्ताईनगर, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून इच्छापूरच्या देवीला. इच्छापूर म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लागणारे मध्य प्रदेशातले गाव, जिल्हा बुऱ्हाणपूर. इंदूरहून निघालेला रस्ता इथे येतो म्हणून त्याचे नावच इंदूर-इच्छापूर रस्ता. टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ. पायऱ्यांवर निम्मी माणसे मराठीच बोलत होती, त्यामुळे परराज्यात आल्यासारखे काही वाटले नाही.

सोबत मेव्हणीचा मुलगा होता. तो ओहायोत नोकरीला, ग्रीन कार्ड मिळूनही काही वर्षे झाली. अर्ध्या वाटेवर आम्ही दम खायला टेकलो, तेव्हा त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. बर्फात पडलेले हरीण, शेजारी नारिंगी जाकीट घातलेला हा, आणि हातात लांब नळीचे रिव्हॉल्व्हर. मेव्हणी कळवळली, "अरे, देवीच्या पायऱ्यांवर हे काय दाखवतोस?" साडूभाऊ दुसरीकडे बघू लागले. मला मात्र भलताच प्रश्न पडला. रिव्हॉल्व्हरने हरीण? ते तर सिनेमात माणसांवर चालवतात!

"काका, त्यावरच तर आमची आठ दिवस चर्चा चालली होती," तो म्हणाला. "कुठले कॅलिबर घ्यायचे यावर."

सरकारी कारकुनाला नियम वाचायची खोड असते. मी खोदून खोदून विचारले, घरी येऊन वाचलेही. कॅलिबर म्हणजे आपल्याकडे ज्याला बोअर म्हणतात ते, गोळीची किंवा नळीची जाडी, इंचाच्या भागात मोजलेली. ओहायोच्या नियमात हरणासाठी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल चालते, पण ते किमान .३५७ चे हवे आणि नळी किमान ५ इंचांची. नवशिक्याला आधी शिकारीचे शिक्षण घ्यावे लागते, मगच परवाना. .३५७ मॅग्नम ही गोळी १९३५ च्या सुमाराची. तिचा दणका साधारण ५०० ते ६०० फूट-पौंड. .४४ मॅग्नम १९५५-५६ ची, तिचा ७०० ते १०००. पोलिसांच्या कमरेला असते त्या ९ मिलिमीटरचा ३५० च्या आसपास, म्हणून ते हरणाला कमी समजतात. मग सरळ मोठ्यात मोठे का घेऊ नये? कारण मोठे रिव्हॉल्व्हर हातात जोरात उसळते. त्या धसक्याने माणूस चाप ओढतानाच दचकतो, आणि गोळी काळीज-फुप्फुसाऐवजी पोटात जाते. म्हणून जाणते शिकारी सांगतात की जे तुम्ही न दचकता चालवू शकाल त्यातले मोठ्यात मोठे घ्या, आणि ५० यार्डांच्या आत असेल तरच बार काढा. एवढे करूनही हरीण जखमी होऊन पळाले, तर रक्ताचा माग काढत ते सापडेपर्यंत फिरायचे. भाच्याने हरीण मारल्याचे सांगितले दोन वाक्यांत आणि माग काढण्याचे सांगितले दहा मिनिटे.

माझ्या ध्यानात आले ते असे. बोअरची ही सगळी चर्चा वरवर हत्याराची वाटते, पण ती खरे तर जनावराच्या वेदनेची चर्चा आहे. ते किती वेळात मरणार? मारणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा, म्हणून तिथल्या कायद्याने त्याला आकडा लावून दिला.

मग त्याने मला सहज विचारले, "काका, गोव्यात अजून शिकार चालते का?" मी तितक्याच सहज म्हटले, "छे! बंदी आहे." या उत्तराकडे नंतर येतो.

दर्शन झाल्यावर आम्ही पुढे बुऱ्हाणपूरला गेलो. तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. मोगलांनी शिकारीसाठी राखलेले हे हरणांचे उपवन. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली, तेव्हा तिला आधी इथेच पुरले होते. त्याच वर्षाअखेरीस देह आग्र्याला नेला. लोक हे मुमताजसाठी बघायला येतात, मी हरणांचा विचार करत उभा होतो. याच घराण्यातल्या जहांगिराने आपल्या शिकारीचा हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे पडली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारलेली. आणि याच जहांगिराने मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या हरणासाठी शेखूपुऱ्याला मनोरा उभारला. माणसाचे असेच असते.

आपल्या जुन्या कथांतही हा भेद आहे. पांडूला किंदम ऋषीने शाप दिला तो हरीण मारले म्हणून नव्हे. राजा शिकार करणारच, हे त्या मृगरूपातल्या ऋषीलाही मान्य आहे. त्याची तक्रार एवढीच की तू वेळ पाहिली नाहीस, मी मादीजवळ असताना बाण मारलास. म्हणजे मारण्यालाही रीत होती, आणि ती मोडणाऱ्या राजालाही सुटका नव्हती.

आता आपल्या आजच्या कायद्याकडे येऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यातही परवाना घेऊन काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती दारे बंद झाली. माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकाची नासाडी अशा कारणांनी अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. एरवी चितळ, सांबर (आपल्याकडचा मेरू) किंवा भेकर मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा हरणासाठी किती बोअर, या प्रश्नाचे भारतातले उत्तर एका शब्दात आहे. कुठलेच नाही.

गंमत अशी की बंगालमध्येही एक इच्छापूर आहे. इंग्रजी कागदोपत्री त्याचे ईशापूर झाले. तिथे सरकारी रायफल कारखाना आहे, आणि नागरिकांसाठीचे .३२ बोअरचे 'अशनी' पिस्तूल तिथलेच. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हातात असते ते बहुतेक .३२ च. त्याचा दणका फार तर १२५ फूट-पौंडांच्या आसपास. खोलीभर अंतरावरून स्वतःचा बचाव करण्यापुरते ते हत्यार. नर चितळ ७०-८० किलोंचे, मेरू तर २०० च्या पुढे. त्यांना ते जखमी करील, पटकन मारणार नाही. पण ज्याला आडून शिकार करायची असते तो परवान्याची वाट पाहत नाही. याच बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पाचोरी गावाचे नाव गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत अनेक वर्षे येते. पिढ्यानपिढ्या हत्यारांना शिकल करणाऱ्या शिकलगारांची तिथे वस्ती आहे. राजे गेले, तलवारी गेल्या, हातातली विद्या तेवढी उरली. सगळी वस्ती तेच करते असे मी म्हणणार नाही, आणि ती पिस्तुले रानात जातात असेही नाही. मुद्दा वेगळा आहे. जिथे सगळेच बेकायदा, तिथे बोअर कोण मोजणार? चोरट्या शिकारीत हाताला लागेल ते चालते. ठासणीची बंदूक, तारेचा फास, आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब. फासात पाय अडकलेले भेकर रात्रभर तसेच असते. जबडा फुटलेले डुक्कर किती दिवस जगते, हे कोणी मोजत नाही.

आता त्या उत्तराकडे येतो. "छे! बंदी आहे," असे मी म्हटले. ते कायद्याने खरे होते. पण माझ्यापुरते खोटे होते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. सत्तरीतल्या एका ओळखीच्या घरी पावसात जेवायला गेलो होतो. बाहेर मुसळधार, आत चुलीचा धूर, आणि ताटात काळसर, झणझणीत मटण. कसले आहे ते मी विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती, यजमानांच्या हसण्यावरून कळत होते. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक आले. काढून पाहिले तर शिशाचा छर्रा. त्याच्याभोवती मांस घट्ट धरलेले, गाठीसारखे. यजमानांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हो आमचो न्हय. पोरनो आसा."

म्हणजे त्यांचा नव्हता, जुना होता. कुणीतरी आधी केव्हातरी त्या भेकरावर बार काढला होता, आणि ते ती गोळी मांडीत घेऊन रानात जगत राहिले होते. किती दिवस, किती महिने, कोण जाणे. मी तो छर्रा ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवण पुरे केले. वाढलेले टाकू नये अशी शिकवण! आज त्या शिकवणीचीच मला लाज वाटते.

भाच्याचा फोटो पाहून आम्ही सगळे अस्वस्थ झालो. त्याने एका जनावराला मारण्याआधी आठ दिवस विचार केला, आणि मी खाल्ले तेव्हा आठ सेकंदही केला नाही. मग आमच्यात अधिक अहिंसक कोण? मी हातात बंदूक धरली नाही एवढेच माझे पुण्य. गोव्यात अशी पुण्यवान माणसे पुष्कळ आहेत. आपण चतुर्थीच्या माटोळीत रानातली फळे बांधतो, डोंगराला देव म्हणतो, आणि पावसात कुणी 'शिकार' आणली की आवाज खाली करून दार लावतो. २००९ मध्ये सत्तरीत केरीच्या रानात वाघ मारला गेला, २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ विषाने मेले, तेव्हा आपण हळहळलो. पण त्याच रानातल्या भेकरासाठी कुणी हळहळल्याचे मला आठवत नाही, कारण ते आपल्या ताटात होते.

तुम्ही म्हणाल, मग इथेही अमेरिकेसारखे परवाने द्यावेत का? माझे मत स्पष्ट नाही असे आहे. तिथे हरणे मोजून परवाने निघतात, मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद द्यावी लागते. आपल्याकडची राने तेवढी उरलेली नाहीत, आणि नोंदी कशा होतात हे माझ्यासारख्या कारकुनाला कुणी शिकवायला नको. बंदी हवीच. पण बंदी आहे म्हणून आपण निर्दोष, हे समाधान नको. चोरटी शिकार पाहुणचारावर चालते. रानात शिरणारा एकटा असतो, पण त्याच्यामागे दहा ताटे वाट पाहत असतात. ती उपाशी राहिली तर फास लावणाऱ्याला रात्र जागायचे कारण उरणार नाही.

भाच्याला मी परवा फोन केला आणि खरे काय ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, छर्रा जुना होता म्हणजे पहिल्याने माग काढलाच नाही."

मागच्या आठवड्यात ओळखीच्या एकाचा निरोप आला आहे, पावसात घरी जेवायला या म्हणून. जाणार आहे. ताट पुढे आले की आधी विचारणार आहे, हे कसले, आणि ते मेले कसे? उत्तर रानातले असेल तर शीत-कढीवर जेवीन. यजमानांना वाईट वाटेल, कदाचित पुढच्या वर्षी बोलावणारही नाहीत. तेवढे सोसायला हवे.