बंद अणुभट्टीचा पहारा

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय जून २०१३ मध्ये जाहीर झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, ३ ऑगस्ट २०१८ रोजी, तिथे वापरलेल्या इंधनाने भरलेला सुमारे पन्नास टनांचा पोलादी डबा काँक्रीटच्या कोठीत उतरवला जात होता. आत इंधनाचे ३७ जुडगे होते. कोठीच्या आतल्या कडेवर डबा अडकला. क्रेनचे पट्टे सैल पडले, आणि डबा तळाशी टेकला असे समजून कामगार पुढच्या कामाला लागले. प्रत्यक्षात तो सुमारे साडेपाच मीटर उंचीवर, पाऊण तासाहून अधिक काळ, नुसत्या कडेच्या आधाराने उभा होता. चूक लक्षात आल्यावर तो नीट उतरवण्यात आला आणि किरणोत्सर्ग झाला नाही. मात्र डबा पडू नये म्हणून दुहेरी आधार असणे ही परवान्याची अट होती आणि त्या काळात तो आधार नव्हताच. कंपनीने ही गोष्ट नियामकाला वेळेत औपचारिकपणे कळवली नाही. लोकांना ती समजली एका कामगाराने काही दिवसांनी जाहीर बैठकीत सांगितली तेव्हा. अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनने कंपनीला १ लाख १६ हजार डॉलरचा दंड केला.

चालू केंद्रात असे घडले असते तर ती जगभर मोठी बातमी झाली असती. इथे केंद्र ‘बंद’ होते. गोंधळाचे मूळ याच शब्दात आहे.

अणुभट्टी थांबली तरी इंधन थंड होत नाही. साखळी प्रक्रिया थांबते, पण तिच्यातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये विघटित होत राहतात आणि उष्णता देतात. थांबताक्षणी ही उष्णता भट्टीच्या पूर्ण औष्णिक क्षमतेच्या सुमारे सहा टक्के असते, दिवसभरात ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. मग घट मंदावते. म्हणून वापरलेले इंधन काही वर्षे खोल पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि पुरेसे निवल्यावर कोरड्या डब्यांत भरतात. भट्टी वितळण्याचा धोका संपतो. टाकीतले पाणी जाण्याचा, जड डबा पडण्याचा आणि कोणी मुद्दाम घातपात करण्याचा धोका उरतो.

नियम मात्र बहुतेक ठिकाणी चालू भट्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. अमेरिकेत २०१३ पासून एकामागून एक केंद्रे बंद होऊ लागली तेव्हा प्रत्येक कंपनीने नियामकाकडे सवलतींचे अर्ज केले: आपत्कालीन योजना कमी करा, रक्षक कमी करा, विम्याची रक्कम उतरवा. अर्जामागून अर्ज मंजूर झाले. व्हरमाँटसारख्या राज्यांनी हरकती घेतल्या, तरी ‘सवलत’ हाच नियम बनला. अखेर २०२२ मध्ये कमिशनने टप्प्याटप्प्याच्या नियमांचा मसुदा काढला. इंधन भट्टीतून काढल्यावर पहिला टप्पा, ते पुरेसे निवल्यावर दुसरा, सगळे कोरड्या डब्यांत गेल्यावर तिसरा, आवाराबाहेर गेल्यावर चौथा. दुसऱ्या टप्प्यासाठी भट्टीच्या प्रकारानुसार १० किंवा १६ महिने पुरेसे मानले आहेत, आणि तिथूनच केंद्राबाहेरच्या लोकांसाठीची खास आपत्कालीन तयारी सैल होते.

टप्प्यांची कल्पना वाजवी आहे. निवलेल्या इंधनासाठी चालू भट्टीइतका फौजफाटा ठेवणे म्हणजे मोडणीसाठी साठवलेला पैसा पगारात उडवणे, हा कंपन्यांचा युक्तिवादही खोटा नाही. आक्षेप आहे तो कॅलेंडर पाहून तयारी उतरवण्याला. टाकी भरलेली असेपर्यंत गावांना सूचना देण्याची आणि लोकांना हलवण्याची व्यवस्था कायम राहायला हवी. शिवाय केंद्र बंद झाल्यावर नियामकाचा निवासी निरीक्षक सहसा मागे घेतला जातो. नेमकी तेव्हाच कधी न केलेली कामे कंत्राटी हातांनी सुरू होतात. सॅन ओनोफ्रेचा डबा याच फटीत अडकला होता.

पहाऱ्याचे काय होते, हे चेर्नोबिलने दाखवले. तिथली शेवटची भट्टी डिसेंबर २००० मध्ये थांबली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्याने ते केंद्र ताब्यात घेतले. सुमारे दोनशे कर्मचारी जवळजवळ चार आठवडे पाळी न बदलता काम करत राहिले. मार्चमध्ये बाहेरचा वीजपुरवठाही तुटला. इंधन वीस वर्षे निवलेले असल्याने टाकीतले पाणी पुरले. केंद्र नुकतेच बंद झालेले असते तर हिशेब वेगळा झाला असता. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एका ड्रोनने तिथल्या नव्या पोलादी आच्छादनाला भोक पाडले. बंद केंद्रावर कोण हल्ला करील, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

भारतात एकही अणुवीज भट्टी अद्याप पूर्णपणे मोडीत काढलेली नाही. राजस्थानात रावतभाटा येथील पहिला संच २००४ पासून बंद आहे. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ चे. त्याच वर्षी, त्याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या भट्टीवर सुरू झालेले अमेरिकेतील ऑयस्टर क्रीक २०१८ मध्ये निवृत्त झाले. तारापूरची पाळी आज ना उद्या येणारच. ‘कॅग’ने २०१२ च्या अहवालात नोंदवले होते की अणुऊर्जा नियामक मंडळाने मोडणीविषयीची नियमपुस्तिका काढून १३ वर्षे उलटली तरी एकाही केंद्राची मोडणी योजना तयार नव्हती. त्यासाठी निधी राखण्याची तरतूद तेव्हाच्या कायद्यात नव्हती, आणि निधी पुरेसा आहे का हे पाहण्यात मंडळाला भूमिकाही नव्हती.

मोडणीसाठी ग्राहकाकडून युनिटमागे दोन पैसे घेतले जातात. तारापूरचा १६० मेगावॉटचा एक संच ऐंशी टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे ११२ कोटी युनिट वीज देतो, म्हणजे जमा होतात सव्वादोन कोटी रुपये. सॅन ओनोफ्रेच्या मोडणीचा अंदाज ४४० कोटी डॉलर होता. तिथले संच कितीतरी मोठे आणि मजुरीही महाग, हे धरूनही दोन पैशांचा हिशेब एकदा जाहीरपणे मांडायला हवा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने अणुवीज खासगी कंपन्यांसाठी खुली केली आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. पन्नास वर्षांनी ती कंपनी असेलच असे नाही, इंधन असेल. तेव्हा नव्या परवान्याच्या पहिल्याच दिवशी मोडणी योजना, कंपनीला हात लावता येणार नाही असा वेगळा निधी आणि इंधन आवारात असेपर्यंत पहारा व निरीक्षक, या अटी नियमांत असाव्यात. तारापूरच्या जुन्या संचांची योजना तर आताच प्रसिद्ध करून पालघर जिल्ह्यातील मच्छीमार गावांपुढे मराठीत ठेवावी आणि त्यांच्या हरकती ऐकून मगच मंजूर करावी.